चेन्सुच्या हृदयातला निळा रंग

गोझो, ११ फेब्रुवारी

प्रिय मेना,

तुझं नाताळचं कार्ड अजून आरशाला टेकवून ठेवलंय. तुला सिस्टर बेनिन्या म्हणायला हवं हे मला कळतं. पण कॉन्व्हेंटच्या शिवणवर्गात जिने स्वतःचा फ्रॉक माझ्या फ्रॉकला शिवून टाकला आणि मदर पेर्पेतुआने बोलावल्यावर जिच्यासकट मला उठावं लागलं, तिला एवढ्या भारदस्त नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही.

आज कामासाठी लिहिते आहे. काम म्हणजे माझा नवरा, चेन्सु.

परवा बँडच्या क्लबात तालीम चालू होती. तो अजस्र पितळी ट्यूबा अंगाभोवती गुंडाळून हा लांब सूर धरून बसला होता, आणि सूर मध्येच तुटला. सगळ्यांनी वळून पाहिलं तर हा मोठ्या ढोलावर बसलेला. ढोलवाला ओरडला, "अरे चेन्सु, ढोल आहे तो, बाक नव्हे!" मग त्याच्या तोंडाचा रंग पाहून कळलं की चक्कर आलीय. नव्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, हृदयाच्या झडपेपाशी आवाज येतोय, बेटावरच्या दवाखान्यात जाऊन इको काढून घ्या.

आता पंचाईत ऐक. इको काढते ती दोरिस. ही दोरिस निळ्यांच्या अध्यक्षाची सून, गेल्या शरदात लग्न होऊन राजधानीकडून आलेली. सिसिलीत राहून तू विसरली नसशील म्हणा, आपण तांबडे, सांता क्रिस्तिनाच्या बँडचे. चौकापलीकडचे ते निळे, सेंट रोकोचे. चेन्सु म्हणतो, "निळ्यांच्या सुनेपुढे मी सदरा काढून आडवा होऊ? संध्याकाळपर्यंत त्यांच्या क्लबात बोर्ड लागेल, तांबड्यांचा बास गळतोय म्हणून!"

आणि यंदाचंच वर्ष असं आहे की तो कुणाचं ऐकतच नाही. बँडमध्ये येऊन त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या बँडमास्तरांनी मिरवणुकीत वाजवायचा नवा मार्च रचलाय. त्यात मधल्या भागात सगळे गप्प होतात आणि चाल एकटा ट्यूबा वाजवतो. जन्मभर बासच्या खालच्या सुरात राहून "बूं बूं" केलेल्या माणसाला जुलैच्या फेस्ताला, आपल्या सांता क्रिस्तिनाच्या जत्रेला, अख्ख्या चौकासमोर चाल वाजवायला मिळणार. तो झोपेतही बोटं हलवतो.

तू तीस वर्षं तिथल्या इस्पितळात इकोच्या खोलीत काढलीस. मला खरं सांग, हा आवाज म्हणजे काय? घाबरायचं का?

तुझी,
ग्रेत्सी

*

सिराकुझा, २० फेब्रुवारी

प्रिय ग्रेत्सी,

फ्रॉक मी मुद्दाम शिवला नव्हता. देवाने मला सगळं दिलं, फक्त सुई दिली नाही.

घाबरू नकोस, पण वेळही घालवू नकोस. झडप नीट उघडली तर रक्त गुपचूप जातं. ती अरुंद झाली, कडक झाली किंवा नीट मिटेनाशी झाली तर आवाज करत जातं. डॉक्टरला नळीतून एवढंच कळतं की दारापलीकडे काहीतरी गडबड चाललीय. दार उघडून बघायचं काम इकोचं. त्यात सुई नाही, चिरणं नाही, दुखणं नाही. डाव्या कुशीवर झोपायचं, छातीवर गार जेल लावतात आणि मुठीत मावेल असं एक यंत्र बरगड्यांवरून फिरवतात. माणसाला ऐकू येत नाही असा आवाज ते आत सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र काढतं. झडपा हलताना दिसतात. रक्त कुठे जोरात जातंय, कुठे उलटं येतंय तेही दिसतं, तांबड्या आणि निळ्या रंगात, फार सुंदर. मी निवृत्त होऊन मठाच्या बागेत लिंबं राखते आहे, पण ते रंग मला अजून आठवतात.

चेन्सुच्या बाबतीत तर टाळाटाळ मुळीच नको. त्याचं जन्मापासूनचं जे आहे ते तुला ठाऊकच आहे.

दोरिस निळी असो की हिरवी. त्या खोलीत बसणाऱ्या बाईला माणसाच्या आत क्लब दिसत नाही. मी इतकी हृदयं पाहिली, पण पाप कधी दिसलं नाही, मग बँड कुठून दिसणार?

तुझी मेना

*

गोझो, ९ मार्च

प्रिय मेना,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचून दाखवलं. चूक झाली. "निळ्या रंगात" या शब्दांवर चेन्सुने सूपमधला चमचा खाली ठेवला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"माझ्या हृदयात निळं दिसणार?"

"तांबडंही दिसणार, असं लिहिलंय की."

"माझा बाप तांबडा, आजा तांबडा. आजाने निळ्या दाराच्या दुकानातून कधी पावसुद्धा घेतला नाही. माझ्या आत निळं आलं कुठून? त्या दोरिसने घातल्याशिवाय?"

मी म्हटलं, "अरे, ते यंत्र परदेशात बनतं."

"यंत्र परदेशात बनत असेल, पण बटण कोण दाबतं?"

 दोन दिवस त्याने माझ्याशी फक्त ब्रेड आणि मीठ यांपुरतं संभाषण केलं. तू लिहिलंस ना, त्याचं जन्मापासूनचं, तो हा हट्ट. तुला इतक्या लांबून आठवतो, मी तर रोज त्याच्याशेजारी झोपते. हल्ली झोपताना तो पाठीला तीन उशा लावतो. चर्चच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबतो आणि घड्याळाकडे बघितल्याचं सोंग करतो. आपल्या चर्चच्या दोन घड्याळांपैकी एक नुसतं रंगवलेलं आहे. हा त्याच्याकडे बघत उभा असतो.

पण आता चांगली बातमी! सांता क्रिस्तिनाला मी नवस बोलले आणि दुसऱ्याच आठवड्यात हा आपणहून म्हणाला, "मी जातो इकोला." नवा सदरा घातला, मला बरोबर येऊ दिलं नाही, म्हणाला, "मी काय लहान मूल आहे?" आणि काल रिपोर्ट आला. मेना, सगळं उत्तम! दोरिसने लिहिलंय की झडपेच्या तिन्ही पाकळ्या पातळ आहेत, छान उघडतात, आणि हृदय वयाच्या मानाने फारच चांगलं. डॉक्टरही चक्रावले. म्हणाले, मी जो आवाज ऐकला तो मग कसला? चेन्सु म्हणाला, "तुमची नळी निळ्यांच्या दुकानातली असेल."

मी मेणबत्ती लावून आले. रिपोर्टची आणि चित्राची प्रत तुला पाठवते आहे. बघ आणि तूही खूश हो.

तुझी ग्रेत्सी

*

सिराकुझा, १९ मार्च

ग्रेत्सी,

चित्र फार छान आहे. भिंगाखाली धरून दोनदा पाहिलं. आता मला एवढंच सांग, हा माणूस कोण?

कारण हा चेन्सु नव्हे.

तुम्ही दोघं यात्रेला इथे आला होतात ते आठवतं? तू लेस घ्यायला बाजारात गेलीस. आमच्याकडे तेव्हा नवं यंत्र आलं होतं आणि मला हात बसवायला कुणीतरी हवं होतं. मलईच्या गोड कॅनोलीच्या आमिषाने मी चेन्सुला टेबलावर झोपवला. त्या झडपेला तीन पाकळ्या असतात, त्याच्या झडपेला दोनच आहेत. काही माणसं जन्मतःच तशी असतात. तरुणपणी त्यांना काही होत नाही, पण वय वाढलं की ती झडप इतरांपेक्षा लवकर कडक आणि अरुंद होते. मी त्याला तेव्हाच बजावलं होतं, दर एक-दोन वर्षांनी इको काढत जा आणि घरी ग्रेत्सीला सांग. त्याने छातीवर हात ठेवून "सांगतो" म्हटलं. मला वाटलं, सांगितलं असेल. "जन्मापासूनचं" मी लिहिलं ते हे. नवऱ्यांचा शब्द किती धरायचा हे मठात शिकवत नाहीत.

माणसाचे केस गळतात, दात पडतात, पण सत्तरीत झडपेला नवी पाकळी फुटत नाही. हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तो जो कोणी असेल त्याला माझे आशीर्वाद सांग, तो शंभर वर्षं जगेल.

आणि आता नीट वाच, इथे मी थट्टा करत नाही. दोन पाकळ्यांची झडप, चक्कर, चढताना दम आणि रात्री उशा. झडप अरुंद होऊन अशी लक्षणं दिसू लागली की थांबायचं नसतं. त्याला ट्यूबा फुंकू देऊ नकोस. लवकरात लवकर खऱ्या चेन्सुला त्या टेबलावर झोपव.

मेना

*

गोझो, ३० मार्च

प्रिय मेना,

तुझं पत्र वाचलं आणि मी स्टोव्ह बंद केला. चेन्सु अंगणात ट्यूबाला पॉलिश करत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"चेन्सु, तुझ्या झडपेला पाकळ्या किती?"

त्याचा हात थांबला. "तीन. रिपोर्टमध्ये आहे की."

"मेना म्हणते, दोन."

तो ट्यूबाच्या तोंडात बघत राहिला, जणू उत्तर तिथे आहे. मग म्हणाला, "ही मेना लहानपणापासून चहाडखोर."

सगळं बाहेर आलं. इकोला गेला तो फ्रेदु. पलीकडच्या टोकाच्या गावचा ट्यूबावाला, फेस्ताला माणसं कमी पडली की आपला क्लब ज्याला भाड्याने आणतो तो. दोरिस नवी, तिला कोण चेन्सु आणि कोण फ्रेदु काय ठाऊक! ओळखपत्रावरचा फोटो जुना, त्यात मिशी तेवढी दिसते. मिशी फ्रेदुलाही आहे.

"तुला लाज नाही वाटली?"

"त्यात लाज कसली? फेस्ताला वाजवणारे कमी पडले तर आणतोच की दुसऱ्या गावाहून. टोपी आपली, कोट आपला, म्हणजे माणूस आपला. निळेसुद्धा आणतात. मी एक सकाळ हृदय आणलं."

"वाजवायला आणतोस रे. मरायला कुणाला आणणार आहेस?"

तो पुन्हा ट्यूबा पुसायला लागला. मी आत जाऊन ओट्याकडे तोंड करून रडले, कारण त्याच्यासमोर रडले असते तर तो माझी समजूत घालत बसला असता आणि विषय तिथेच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी चीजचे चार गोळे घेऊन मी एकटीच दोरिसकडे गेले आणि सगळं सांगितलं. आधी ती हसली, मग हसता हसता पांढरीफटक पडली. "काकू, मी एका धडधाकट माणसाचं हृदय तुमच्या नवऱ्याच्या नावावर चढवलं! फोटोतली मिशी बघून!" तिने तिथल्या तिथे तो रिपोर्ट रद्द केला, वरिष्ठांना फोन करून स्वतःची चूक सांगितली आणि म्हणाली, "त्यांना कुठल्याही सकाळी आणा. आणि सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांना अजून मी घरी स्वयंपाकात मीठ किती घालते तेही कळलेलं नाही, तुमच्या घरचं काय कळणार!" चांगली मुलगी आहे. चीज घेतलं नाही. फ्रेदुला मात्र त्याच्या हृदयाची प्रत हवी आहे. त्याची बायको ती चौकटीत लावणार म्हणते.

पण चेन्सु हलत नाही. "फेस्ता होऊ दे, मग तुम्ही म्हणाल त्या टेबलावर झोपतो." मी ट्यूबाचं तोंडाला लावायचं टोक काढून लपवलं, तर हा क्लबातून दुसरं घेऊन आला. काल दिवाणखान्यात वाजवता वाजवता भिंत धरून उभा राहिला. मी बघितलं हे त्याला कळलं नाही.

मेना, पंचेचाळीस वर्षं मी ह्याच्या "बूं बूं"ला कंटाळले. आता शेजारच्या खोलीतून तो आवाज थांबला की मी हातातलं टाकून दारापाशी जाते. तूच लिही त्याला. माझं ऐकत नाही.

ग्रेत्सी

*

सिराकुझा, ८ एप्रिल

चेन्सु,

हे पत्र तुला आहे. ग्रेत्सीने वाचून दाखवलं तर खाली चमचा ठेवू नकोस.

निळ्या रंगाचं आधी संपवू. यंत्र बनवणाऱ्यांना आपलं गाव नकाशावर सापडणार नाही. यंत्राच्या दिशेने येणारं रक्त तांबडं दाखवायचं आणि लांब जाणारं निळं, एवढं त्यांनी ठरवलंय. मी एका बिशपांना स्वतः तपासलंय. त्यांच्यात दोन्ही होते आणि त्यांनी तक्रार केली नाही. नुसता तांबडाच दिसला, तर त्याचा अर्थ सगळं रक्त एकीकडे जातंय आणि परत काहीच फिरत नाही. तसा तांबडा माणूस थेट चर्चच्या मागच्या दफनभूमीत नेतात.

आता तुझ्याशी पैज लावते. तू दोरिसवर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर ठेवू नकोस, डॉक्टरवर तर नकोच. तुझ्या कानांवर ठेव. टेबलावर झोपलास की दोरिसला सांग, "आवाज मोठा कर." त्या यंत्राला आवाज आहे. झडपेतून जाणारं रक्त ऐकू येतं. तू पन्नास वर्षं बँडमध्ये आहेस, खोटा सूर तुला चौकापलीकडून कळतो असं तूच सांगत असतोस. ऐकून जर म्हणालास की ठीक आहे, तर मी परत तुला एक अक्षर लिहिणार नाही.

मेना

*

गोझो, ३ मे

सिस्टर मेना यांस,

ग्रेत्सी म्हणते, नन आहे, तिला अहोजाहो कर. पण माझी टोपी विहिरीत टाकणाऱ्या मुलीला मी अहोजाहो करणार नाही, मग ती उद्या मदर सुपीरियर का होईना.

गेलो. पैज लावलीस म्हणून गेलो, हे लक्षात ठेव.

खोलीत अंधार. दोरिसने आधी माझी मिशी निरखून बघितली आणि म्हणाली, "चेन्सुकाका, या वेळेला तुम्ही तुम्हीच आहात ना?" मी म्हटलं, "बायकोला विचार, ती बाहेर बसलीय पहारा देत." जेल इतकं गार की मी सांता क्रिस्तिनाचं नाव घेतलं. दोरिस म्हणाली, "इथे चालतं, सेंट रोकोपण रागावत नाही." तोंडाळ आहे पोरगी. पण हात हलका आहे.

मग मी म्हटलं, "आवाज मोठा कर."

मेना, बासचं काम काय असतं माहीत आहे? कुणाला दिसायचं नाही, पण सगळ्यांना उभं ठेवायचं. मी डोळे मिटून ऐकलं. ठेका बरोबर होता. पण सूर कुठला? ओल्या लाकडात करवत चालावी तसं. कुणीतरी पिचलेल्या नळीतून जीव खाऊन फुंकतंय, पोचतंय, पण प्रत्येक ठोक्याला दमतंय. मी दोरिसला विचारलं, "हा असा कधीपासून वाजवतोय?" ती म्हणाली, "बरीच वर्षं असणार, काका." असा वाजवणारा माझ्या शेजारी उभा असता तर मी मार्च थांबवून म्हटलं असतं, बाबा रे, तू घरी जा, बायकोला म्हणावं सूप दे.

तर पैज तू जिंकलीस. झडपेला दोनच पाकळ्या आहेत, दगडासारख्या झाल्यात. त्यातून बारीकशी फट उघडते. रंगही बघितले. फटीपाशी तांबडा आणि निळा एकात एक मिसळून पिवळं-हिरवं काहीतरी उसळत होतं, दारूकामासारखं. दोरिस म्हणाली, "ही मिसळण आहे ना, तेच वाईट लक्षण." मी म्हटलं, "हे मी गावात लहानपणापासून सांगतोय."

डॉक्टर म्हणतात, झडप बदलायची, जूनच्या सुरुवातीला, राजधानीत. म्हणजे जुलैत मला फुंकता येणार नाही. मेना, तू खोटं बोलणार नाहीस म्हणून विचारतो. फेस्तानंतर केलं तर? फक्त ती एक चाल. नंतर त्यांना हवी ती झडप बसवू देत, चर्चची घंटा बसवली तरी चालेल.

आणि ग्रेत्सीला कळवू नकोस, पण तो आवाज ऐकल्यापासून मला झोप लागत नाही. कान उशीला लावला की ऐकू येतो.

चेन्सु

*

सिराकुझा, १२ मे

चेन्सु,

आधी झडप. मग बाजा. यात तिसरं काही नाही.

तुला वाटतं तू ग्रेत्सीपासून काहीतरी लपवतो आहेस. तुझ्या छातीतला आवाज तुला आत्ता ऐकू आला, तिला तो फेब्रुवारीपासून येतोय. तिलाही झोप नाही. आता तुम्ही दोघं एकमेकांना उठवायला नको म्हणून अंधारात टक्क जागे पडता, यात कुणाचा फायदा आहे? उठून चहा तरी करा.

मार्च कागदावर आहे. तो पुढच्या वर्षीही तसाच असेल. तू कागदावर नाहीस.

तुझी टोपी विहिरीत मी टाकली नाही, वाऱ्याने गेली. वारा मात्र मी निवडला होता.

मेना

*

गोझो, २१ जून

प्रिय मेना,

झालं! देवाची कृपा आणि त्या सर्जनबाईंचे हात. तुझं पत्र आल्यावर त्याने ते माझ्या हातात दिलं आणि मास्तरांकडे जाऊन स्वतःच सांगून आला की यंदा मी नाही.  परत आला तेव्हा आम्ही चहा केला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनबाई म्हणाल्या, तुमच्या वयाला प्राण्यापासून केलेली झडप बरी, गाईची. चेन्सुने विचारलं, "गाय कुठल्या गावची?" त्यांना वाटलं भूल चढली, पण भूल अजून दिली नव्हती. मी बाहेर बाकावर बसून जपमाळ ओढत होते. कॉन्व्हेंटमध्ये परीक्षेआधी आपण ओढायचो तशीच, फार भराभर. मदर पेर्पेतुआ असती तर म्हणाली असती, ग्रेत्सिया, देवाला दम घेऊ दे.

एवढी गुप्तता पाळली ना? शुद्धीवर आल्यापासून चेन्सु वॉर्डातल्या प्रत्येकाला झडपेची गोष्ट सांगतो, रंगांसकट. परतीच्या फेरीबोटीत त्याने सदऱ्याची वरची बटणं उघडून अनोळखी लोकांना टाके दाखवले. बोट गोझोला लागायच्या आत सगळ्या बेटाला ठाऊक झालं. दोरिसने एक शब्द काढला नव्हता.

आणि काल निळ्यांचे अध्यक्ष आले, दोरिसचे सासरे. बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन. खुर्चीच्या कडेला टेकले. मग अध्यक्ष म्हणाले, "चेन्सु, तू नसलास तर आम्ही कुणाला नावं ठेवायची?" चेन्सु म्हणाला, "तुमचा ट्यूबावाला आहे की, त्याला ठेवा." पुढे दारूकामावरून दोघांचा आवाज इतका चढला की मी अध्यक्षांना डब्यासकट बाहेर काढलं. डबा परत मागून घेतला.

तुझी ग्रेत्सी

*

गोझो, ९ सप्टेंबर

प्रिय मेना,

तू पाठवलेल्या लिंबांचा मुरंबा झाला. एक बरणी दोरिसला दिली. या वेळेला तिने घेतली.

फेस्ताचं तुला सांगायचं राहिलं. क्लबाच्या दारात खुर्ची टाकून चेन्सुला बसवला होता, मांडीवर टोपी. मार्च सुरू झाला, मधला भाग आला, सगळे गप्प झाले, आणि भाड्याने आणलेल्या फ्रेदुने एकट्याने चाल वाजवली. चांगली वाजवली. चेन्सु म्हणाला, "सुरुवातीला घाई केली," आणि डोळे पुसले. म्हणाला, दारूकामाचा धूर गेला. दारूकाम अजून सुरू व्हायचं होतं.

निळ्यांना मात्र चैन पडेना. तांबड्यांच्या बासची झडप पडद्यावर आली आणि आपल्या कुणाचीच नाही, म्हणजे काय! त्यांच्या ऑगस्टमधल्या फेस्ताआधीच अध्यक्षांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, मलाही इको लिहून द्या. त्यांची झडप थोडी गळते म्हणे, काळजीचं काही नाही, वर्षातून एकदा बघत राहायचं. आता आमचे लोक म्हणतात, बघा, गळती शेवटी तिकडेच निघाली. चेन्सुने मात्र त्या माणसाला हाताला धरून सांगितलं, "वर्षातून एकदा म्हणजे एकदा. माझ्यासारखा फ्रेदु पाठवू नकोस."

आणि कालची गोष्ट. नवी झडप कशी चाललीय ते बघायला त्याला इकोला न्यायचं होतं. मी नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर बसले, तर दोरिसने दार किलकिलं केलं. "काकू, आत येता का? बघायचंय?"

पंचेचाळीस वर्षं ह्या माणसाचे सदरे धुतले, मेना. छातीवरचा प्रत्येक केस पांढरा होताना पाहिला. आत काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. अंधारात राखाडी रंगाचं काहीतरी हलत होतं, आधी मला काही कळेना. मग दोरिसने बोट ठेवलं. ती इवलीशी झडप उघडत होती, मिटत होती, उघडत होती, इतकी मन लावून, की कुणी बघतंय याचं तिला भानच नव्हतं. मला वाटलं, आपण दार न वाजवता कुणाच्या तरी घरात शिरलो आहोत.

"काय दिसतंय?" चेन्सुने टेबलावरून विचारलं.

"गाय," मी म्हटलं. "गप्प पड."

"हसवू नका त्यांना काकू, चित्र हलतं," दोरिस म्हणाली. "काका, आता श्वास सोडा आणि धरून ठेवा. हलू नका. अजून थोडं. अजून. छान."

पडद्यावर ती झडप उघडतच होती, मिटतच होती. खोलीत दुसरं काही हलत नव्हतं.

"झालं. घ्या आता श्वास," दोरिस म्हणाली. मग तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि हसली.

"काकू, तुम्हीसुद्धा."

तुझी,
ग्रेत्सी